घरच्या माणसाचे आभार

"आपल्या माणसाचे कधी कोणी आभार मानतं का, बाबा? तुम्हीच सांगा!"

शांतवन दारातूनच बोलत आत आला. चपला काढायचंही भान नव्हतं त्याला.

हनोखबाबा चुलीपुढं बसले होते. चर्चच्या सेवेतून निवृत्त झालेले पाळक. देवळामागच्या खोलीत एकटेच राहायचे आणि हातानं करून खायचे. ह्याच शांतवनला त्यांनी पवित्र शास्त्र शिकवलं, प्रार्थना शिकवली, चार लोकांत उभं राहून बोलायला शिकवलं. आता तो पंचक्रोशीत गाजलेला प्रचारक होता, आणि ते त्याच्या चालण्यातसुद्धा दिसायचं.

"आधी बस," बाबा म्हणाले. "झालं काय?"

"सुवार्ता माहेरी गेली."

"जातात की बायका माहेरी."

"तशी नाही गेली..."

मग सगळं बाहेर आलं. गावात प्रवचन-प्रार्थनेच्या संजीवन सभा झाल्या होत्या. बाहेरगावची माणसं उतरलेली, आणि त्यांचं जेवणखाण शांतवनच्या घरी. त्याची बायको सुवार्ता पहाटे परातीला बसायची, ती दुपार कलली तरी उठायची नाही. शेवटच्या दिवशी शांतवन आभारप्रदर्शनाला उभा राहिला. बोलण्यात त्याचा हात कोण धरणार! मंडपवाल्याचे आभार मानले, माईकवाल्याचे मानले, सरपंचांचे मानले, पोलीसपाटलांचे मानले. ज्यानं नुसती एक सतरंजी दिली होती, त्याचंही नाव घेतलं. मग मागं उभ्या असलेल्या बायकोकडं हात करून म्हणाला, "आणि ही तर आपल्या घरचीच! हिचे आभार मानून मी हिला परकं करणार नाही."

"टाळ्या पडल्या, बाबा. काय टाळ्या पडल्या!"

"आणि ती?"

"तीही हसली. मला वाटलं, खूश झाली. घरी आलो, तिनं ताट वाढलं. मी प्रार्थना केली, अगदी मनापासून केली. अन्नाबद्दल, डोक्यावरच्या छपराबद्दल, सभा नीट पार पडल्याबद्दल देवाचे आभार मानले. ती 'आमेन' म्हणाली... आणि उठली. पिशवी भरलेलीच होती. म्हणाली, तुम्हा दोघांचं चालू द्या."

"कुणा दोघांचं?"

"माझं नि देवाचं."

बाबांना हसू आवरेना. शांतवनचा पारा चढला.

"हसताय काय, बाबा! तिच्या भावाचा निरोप आलाय. ती राहुरीलाच राहणार म्हणते. तिथं शिवणवर्गावर शिकवायचं कामही धरलंय. माझं घर मोडायला आलंय, आणि कशावरून, तर आभारावरून!"

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी त्याच्याकडं नीट पाहिलं.

"जेवलास का?"

"भूक नाही."

भूक तर सडकून लागली होती. बाबांनी विचारलंच नाही पुन्हा. ताटलीत भाकरी ठेवली, वर ठेचा घातला आणि ताटली पुढं सरकवली. भाकरी एका अंगानं काळीठिक्कर, दुसऱ्या अंगानं कच्ची.

शांतवननं सवयीनं हात जोडले. "हे स्वर्गीय पित्या, ही भाकर तू आम्हाला..."

"त्याला कशाला मधे ओढतोस? इतकी वाईट तो नाही करत. ही मी केलीय."

शांतवन ओशाळला. "खरंच बाबा, तुमचे उपकार आहेत. ह्या वयात धुरात बसून माझ्यासाठी केलीत."

"बघ, किती पटकन निघालं तोंडातून."

"तुम्ही वडीलधारे..."

"परका म्हण की सरळ."

"तसं नव्हतं म्हणायचं मला, बाबा."

बाबांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. जाळ बसला.

"देव तुझा कोण रे, शांतवना?"

"बाप."

"सख्खा, का लांबचा?"

"हे काय विचारणं झालं? सख्खा."

"मग सकाळ-संध्याकाळ त्याचे आभार मानून त्या बिचाऱ्याला परका का करतोस?"

शांतवनपाशी कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार असायचं, वचनासकट. आता नुसतंच उत्तर निघालं, वचनाशिवाय.

"देवाचं निराळं आहे," तो म्हणाला.

"काय निराळं?"

बाहेर देवळाच्या आवारात कुणीतरी झाडत होतं. खराट्याचा आवाज पार फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"त्याचे आभार मानले की..." शांतवनचा आवाज खाली आला. "की तो जवळचा वाटतो."

शांतवननं भाकरीचा तुकडा मोडला. सुवार्ताच्या भाकरीला कसा पातळ पापुद्रा सुटायचा! तव्यावरची पहिली ती त्याच्याच ताटात टाकायची. त्याची प्रार्थना लांबायची, भाकरी गार व्हायची, आणि सुवार्ता मुकाट्यानं ती उचलून आपल्या ताटात घ्यायची, त्याला दुसरी गरम वाढायची. लग्न झाल्यापासून त्या भाकरीबद्दल त्यानं देवाला काय काय सांगितलं होतं! तिला मात्र एक अक्षर नाही. आणि वर सगळ्या गावापुढं ती फुशारकी. त्याला स्वतःची लाज वाटली. तिची आठवण इतकी दाटून आली की त्यानं ताटली खाली ठेवली आणि उपरण्यात तोंड लपवलं.

बाबांनी त्याला रडू दिलं.

"येतो, बाबा," बऱ्याच वेळानं तो उठला. "राहुरीची गाडी मिळेल अजून."

पण दारात त्याचा पाय अडला. तासन्‌तास बोलणारा माणूस, उंबऱ्यात चाचरत उभा राहिला.

"तिला म्हणू काय मी? समोर उभं राहून 'आभारी आहे' म्हटलं, तर म्हणेल, हे आणखी एक भाषण."

"जेवायच्या आधी देवाला काय म्हणतोस?"

"तेच... अन्नाबद्दल, घराबद्दल, आजच्या दिवसाबद्दल..."

"मग तेच म्हण तिला."

बाबांनी तव्यावर दुसरी भाकरी टाकली आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

"डोळे तेवढे मिटू नकोस."