उत्तर उतारावरचा पाट

एकदा एक बेट होते, विलायतेसारखेच थंड, धुक्यात बुडालेले आणि बारा महिने पावसाची पिरपिर सोसणारे. घरे गवताने शाकारलेली आणि वारा तर असा, की एका घराची ठिणगी उडाली तर आळीच्या आळी जळून जावी. म्हणून वाडवडिलांनी तिथे एक रीत घालून दिली होती. साऱ्या बेटाची आग एकच, मधल्या माळावरच्या आगटीची. सकाळी प्रत्येक घराने तिथे एक लाकूड आणून घालावे आणि मडक्यातून निखारे घरी न्यावेत. दिवेलागणीला घरची चूल विझवावी. सकाळी पुन्हा लाकूड द्यावे, पुन्हा निखारे घ्यावेत. उत्तरेच्या उतारावर म्हातारी माणसे राहत. त्यांनी मात्र काही आणायचे नाही, नुसते न्यायचे. जन्मभर लाकडे वाहून त्यांचे खांदे झिजले होते, त्याचा तो मान.

आगटीची देखभाल करायला एक कारभारी असे. आगटीच्या उबेला त्याचा पाट मांडलेला असे आणि त्यावर कोणी बसायचे हे लोकच ठरवत. मागची कित्येक वर्षे एकाच गोटातले कारभारी येत होते आणि जात होते. एक जण पाटावर टेकतो न टेकतो तोच दुसरा त्याला उठवी. त्यांच्या या उठाबशीत आगटी मंदावत गेली. शेवटी लोक विटले. त्यांनी सगळ्यांना बाजूला सारले आणि एक नवा, गंभीर चेहऱ्याचा, शब्द मोजून बोलणारा माणूस निवडला.

त्याला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता एक शिष्य. माळाच्या कडेला एक ज्ञानी वृद्ध राहत असत, त्यांच्याकडे तो विद्येसाठी राहिला होता. "बाबा, आता बघा आगटी कशी धडधडते!" घसा बसेपर्यंत ओरडून आलेला शिष्य म्हणाला. वृद्धांनी त्याला गरम पाणी दिले आणि म्हणाले, "आधी घसा शेक."

नव्या कारभाऱ्याने पहिल्याच सकाळी काय केले, तर साऱ्या बेटाला बोलावले, काठीने आगटीची राख उकरली आणि तळ उघडा करून दाखवला. "पाहा, मागच्यांनी तुमच्यासाठी काय ठेवले आहे! मला वाटले होते त्याहूनही वाईट आहे. पुढचे दिवस कठीण जाणार, आत्ताच सांगून ठेवतो."

त्याचा हेतू वाईट नव्हता. दोष कोणाचा ते लोकांना आधीच कळलेले बरे, एवढेच त्याच्या मनात होते. पण घरी जाताना रंगारी कुंभारणीला म्हणाला, "ऐकलंस ना? आग विझणार म्हणतोय."

"मग विझणाऱ्या आगीत मी कशाला लाकूड घालू?" कुंभारीण म्हणाली. "घरात राहील तर उद्या कामाला तरी येईल."

दुसऱ्या दिवसापासून आगटीवर जाड ओंडक्यांऐवजी काटक्या येऊ लागल्या. मग काटक्याही कमी झाल्या. लाकूड कमी पडते म्हणून कारभाऱ्याने फर्मान काढले, की उत्तर उतारावरच्या म्हाताऱ्यांनाही आता लाकडाशिवाय निखारा मिळणार नाही. तेही पुरेना, तेव्हा ज्याच्याकडे कामाला गडी आहेत त्याने जास्तीची मोळी आणावी असे ठरले. रंगाऱ्याने दोन्ही हात झटकले. "गडी ठेवला हा माझा गुन्हा? मग गडीच नको!" झाले, त्याचा गडी बिनकामाचा माळावर हिंडू लागला.

लोक चिडले. सकाळ-संध्याकाळ आगटीपाशी जाऊन "पेटली का? अजून नाही पेटली?" म्हणत काठ्या खुपसू लागले. ओरड फार झाली तशी कारभारी दचकला. "बरं, म्हाताऱ्यांपैकी काहींना देऊ," म्हणाला. कोणाकोणाला, ते मात्र सांगेना. असा तो एक पाऊल पुढे टाकी आणि अर्धे मागे घेई. मागच्यांवर रागावून ज्यांनी याला आणले, ते आता मागच्यांपेक्षा याच्यावरच जास्त रागावले. ज्याच्याकडून आशा नव्हती त्याने फसवले तर माणूस खांदे उडवतो. आशा लावणाऱ्याने फसवले की ते मनाला लागते.

शिष्याची सख्खी आत्या त्याच उत्तर उतारावर राहत होती. ऐन थंडीत तो तिला भेटायला गेला, तेव्हा ती गार चुलीपुढे घोंगडीत गुरफटून बसली होती. चुलीत राखसुद्धा नव्हती.

"आत्या, निखारे?"

"लाकूड आण म्हणतात. या गुडघ्यांनी रानात जाऊ?" ती हसली, पण दात वाजत होते. "तूच ना रे त्याला खांद्यावर घेऊन नाचलास? मग आता त्यालाच आणून माझ्या पायाशी बसव. तेवढीच ऊब."

शिष्याला तिथे बसवेना. तो तडक झोपडीत परतला. वृद्ध अंगणात आपली फुंकणी पुसत बसले होते.

"बाबा, ठरलं आमचं," आत्याचे सारे बोलणे धापा टाकत सांगून तो म्हणाला. "उद्या सकाळी त्याला पाटावरून उठवायचं आणि आगटी फोडून ज्याची त्याची आग ज्याने त्याने घरी न्यायची. माझ्या आत्यासाठी मीच मोठा वाटा उचलणार आहे."

"फोडलेली आग किती टिकेल?"

"आत्या तशी तरी कुठं टिकतेय?"

वृद्धांनी यावर वाद घातला नाही. फुंकणी भिंतीला लावून ते म्हणाले, "उद्या मीही येतो."

सकाळी माळावर सारे बेट लोटले होते. कोणाच्या हातात फावडे, कोणाच्या हातात मडके. कारभारी पाटावर बसून समजावत होता, "मंडळी, मागच्या लोकांनी आगटीची जी दशा केली..."

"पुरे!" कुंभारीण गरजली. "तेच ते ऐकून कान किटले. ते वाईट होते म्हणूनच तुला बसवला. नाहीतर तुझ्या तोंडाला काय सोनं लागलंय?"

लोक हसले. त्या हसण्याला धार होती. शिष्याने फावडे उचलले. एवढ्यात गर्दीतून वाट काढत वृद्ध पुढे आले. आता हे कारभाऱ्याला झापणार असे काहींना वाटले, काहींना वाटले आपल्यालाच सबुरीचे धडे देणार. वृद्धांनी यातले काहीच केले नाही. ते कारभाऱ्याला म्हणाले, "ऊठ जरा." तो उठला तसा त्यांनी त्याच्या बुडाखालचा पाट काढला, शिष्याच्या हातातले फावडे खाली ठेवले आणि पाट शिष्याच्याच डोक्यावर दिला.

"चल. उत्तर उतारावर."

"बाबा, पाट कुठे नेताय?" कारभारी गोंधळून म्हणाला. "माझी जागा आगटीपाशी आहे."

"म्हणूनच नेतोय," वृद्ध म्हणाले आणि चालू लागले.

पुढे वृद्ध, मागे पाट घेतलेला शिष्य, त्यामागे कारभारी आणि त्यामागे काय चाललेय ते न कळलेले अवघे बेट. चढावर वाऱ्याने सगळ्यांची बोलती बंद केली. आत्याच्या दारात वृद्धांनी पाट ठेवायला लावला आणि कारभाऱ्याला बस म्हणाले.

आत्याने डोळे बारीक करून पाहिले. "अगो बाई, हा खरंच आला! मी थट्टेनं म्हटलं होतं." मग म्हणाली, "बस रे बाबा. पाय वर घे, भुई गार आहे." आणि आपल्या घोंगडीचे एक टोक तिने त्याच्या गुडघ्यावर टाकले.

कारभारी बसला. वारा दारातून सरळ अंगावर येत होता. थोड्याच वेळात त्याचे ओठ निळसर झाले. मागच्या लोकांचे नाव काढायला त्याने तोंड उघडले आणि मिटले. बाहेर उभ्या लोकांना आधी मजा वाटली. मग मजा ओसरली, कारण त्यांचेही पाय गारठले होते आणि म्हातारीची चूल सगळ्यांना दिसत होती.

"बाबा, आम्हाला इथवर कशाला आणलं?" रंगारी कुरकुरला.

"हा गारठतोय तोवर तुम्ही खाली बघा," वृद्ध म्हणाले.

सगळे वळले. उतारावरून सारे बेट तळहातासारखे दिसत होते. मधे आगटीचा बारीकसा धूर. आणि भोवताली घरे. रोज ज्या वाटांनी ते चालत, तिथून घरांची फक्त पुढची दारे दिसत. इथून परसे दिसत होती. एकेका परसात, वळचणीला, गोठ्याच्या आडोशाला, घोंगड्या-पोत्यांनी झाकलेले लाकडांचे ढीग होते. रंगाऱ्याच्या परसात होता, कुंभारणीच्या मडकी भाजायच्या आव्यामागे होता. जो तो दुसऱ्याचा ढीग बघून डोळे वटारू लागला आणि आपल्याकडे कोणी बघतेय असे दिसताच नजर चुकवू लागला.

शिष्यही पाहत होता. माळाच्या कडेची ती लहानशी झोपडी त्याने शोधली. तिच्या मागच्या भिंतीला लाकडे रचलेली होती, जाड, सुकी, छपरापर्यंत. ती त्यानेच रचली होती. पुढे आणखी वाईट दिवस आले तर असू द्यावीत म्हणून. त्यातले एक लाकूड आत्याच्या नावाने आगटीवर टाकले असते, तर तिला त्याच दिवशी निखारे मिळाले असते. रोज तो कारभाऱ्याला शिव्या देत त्या ढिगाशेजारून जात होता.

आत्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

तेव्हा वृद्ध बोलले. आवाज चढवला नाही, म्हणून सगळ्यांना जवळ यावे लागले.

"कारभाऱ्या, आगटी तुला मंदच मिळाली, हे खरे. पण ती विझतेय असे पहिल्याच दिवशी तुझ्या बोलण्यातून लोकांना वाटले, आणि विझणाऱ्या आगीत कोणी लाकूड घालत नाही. मागच्यांनी आग मंद केली, तू लोकांचा हात आखडता केलास. मग कमी पडले ते कोणाकडून काढलेस? तर ज्यांना माळापर्यंत येऊन भांडता येत नाही त्यांच्याकडून. दुसऱ्याला धीर धर म्हणायचे असेल तर आधी त्याच्या थंडीत बसून बघावे. म्हणून तुझा पाट इथे आणला."

मग ते लोकांकडे वळले. "तुमचा राग खोटा नाही. तो सांभाळून ठेवा. कारभारी निवडायची वेळ येईल तेव्हा कामाला येईल, आणि हा नालायक ठरला तर खुशाल उठवा. पण आगटी फोडू नका. वाटून नेलेला निखारा सांजेला प्रत्येकाच्या घरी वेगवेगळा विझेल आणि उद्या कोणाकडे मागायला जाल? बेटावर लाकूड आहे. ते आपण डोळ्यांनी पाहिले. आधी शेजाऱ्याने घालावे, मग मी घालीन, असे म्हणत प्रत्येक जण थांबला आहे, एवढेच."

कारभारी पाटावरून उठला. त्याने लोकांपुढे हात जोडले आणि या वेळी मागच्यांचे नाव न काढता तो म्हणाला, "आग मंद आहे, पण जिवंत आहे. केव्हा धडधडेल ते मला सांगता येत नाही, आणि सांगितले तर ते खोटे ठरेल. उतारावरच्यांना निखारे मात्र उद्यापासून, सगळ्यांना. मी स्वतः घेऊन येईन."

"उद्या कशाला?" कुंभारीण म्हणाली. "तुला आज थंडी वाजली नाही का?"

या वेळच्या हसण्यात धार जरा कमी होती. कारभाऱ्याने आत्याच्या चुलीशेजारचे मडके उचलले आणि उतार उतरू लागला. पाट न्यायला शिष्य वाकला, तर कारभारी मागे वळून म्हणाला, "राहू दे. आठवड्यातून एक सकाळ मी इथे बसेन."

कोणाचा कोणावर लगेच विश्वास बसला असे नाही. रंगाऱ्याने त्या दिवशी एकच ओंडका आणला, तोही शेजारी काय आणतो ते कुंपणावरून बघून. आगटी काही एकदम भडकली नाही. पण त्या दिवसापासून लोकांनी राखेत काठ्या खुपसणे कमी केले.

शिष्य झोपडीमागे गेला. ढिगातले सगळ्यात जाड लाकूड त्याने ओढून काढले, तसा वरचा सगळा थर गडगडत खाली आला. वृद्ध आवाज ऐकून बाहेर आले.

"बाबा, हा ढीग तुम्हाला ठाऊक होता?"

"माझ्याच भिंतीला टेकला होता, पोरा."

"मग मला बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो, तर तू ही लाकडे माझ्या धाकाने नेली असतीस." वृद्धांनी खाली वाकून एक लाकूड स्वतःच्या खांद्यावर घेतले. "चल, तुझी आत्या वाट बघत असेल."

आज विलायतेतली माणसे आपल्या नव्या सरकारच्या नावाने बोटे मोडत आहेत, असे कानावर येते. त्यांच्या चुली गार आहेत, तेव्हा मोडणारच. पण तिथे काय किंवा इथे काय, कारभाऱ्याचा पाट कुठे मांडला आहे हे विचारायला निघताना, आपल्या परसाकडे एकदा उंचावरून पाहून घ्यावे.