सदतीस पुस्तकं आणि एक डाव

“…म्हणजे ही झाली सदतीस. आता तुम्हीच सांगा, उस्ताद, यातलं कोणतं?”

निरंजनने शेवटचं पुस्तक ढिगावर ठेवलं आणि हात झटकले.

सुभेदार आनंदराव पिसाळांनी ढिगाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वाळू चाळत होते.

एकेकाळी तो त्यांचा गोठा होता. जनावरं विकल्यावर त्यांनी तिथे कमरेइतक्या उंचीची एक लाकडी चौकट उभी केली आणि तिच्यात नदीची वाळू भरली. फौजेत असताना ते अशाच वाळूवर डोंगर, ओढे, पूल उभे करून नव्या अधिकाऱ्यांना लढाई शिकवायचे. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. पेन्शनीत येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी साताऱ्याकडच्या त्या गावात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नव्हतं.

निरंजन खांबेटे पुण्याचा. बोटभर उंचीचे रंगवलेले शिपाई टेबलावर मांडायचे, टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढाया खेळायच्या, हा त्याचा नाद. नाद कसला, वेडच. या खेळाच्या नियमांची पुस्तकं जगभर निघतात, आणि त्यातलं एकही आपल्या नजरेतून सुटलेलं नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. कुठे दोन खेळणाऱ्यांचं वाजलं की फोन त्यालाच यायचा. हे त्याला आवडायचं, आणि आवडतं हे तो लपवतही नसे.

“आम्ही सुरुवात केली तेव्हा दोनच पुस्तकं होती,” तो म्हणाला. “तीही झेरॉक्स. आता दर महिन्याला एक नवीन येतं. फार झाली, उस्ताद. निवडता निवडता डोकं फिरायची पाळी येते.”

“मंग नको निवडू.”

“निवडायलाच हवं. उदयसाठी हवंय.”

वाळूतला हात थांबला.

उदय आणि निरंजन पहिल्यांदा या गोठ्यात आले ते एका स्कूटरवरून, तेवीस वर्षांपूर्वी. जमीन कशी वाचायची, चढ कुठे नडतो, ओढा कुठे कामी येतो, हे दोघांनी याच वाळूवर शिकून घेतलं. पुढे पुण्यात दर रविवारी दोघांचा डाव पडायचा. निरंजन इतरांशीही खेळला. उदय मात्र कधी दुसऱ्या कुणासमोर बसला नाही.

“कसा हाय?” उस्तादांनी विचारलं.

“घरी आणलाय. दवाखान्यात ठेवून आता उपयोग नाही म्हणाले डॉक्टर.”

“दिवस?”

“महिनाभर म्हणाले होते. त्याला तीन आठवडे होऊन गेले.”

उस्तादांनी चाळण खाली ठेवली.

“बोलतो का?”

“सकाळी तासभर बरा असतो. उशीला टेकून बसतो. मग थकतो. मला म्हणाला, निऱ्या, एक डाव टाकू. रविवारी ये.”

“कंच्या रविवारी?”

निरंजनने एक पुस्तक उचललं, उलटंसुलटं केलं आणि परत ठेवलं.

“कंच्या रविवारी, म्हन्लं?”

“मागच्या…”

“आनि?”

“त्याच्या मागच्याही.”

“गेला न्हाईस?”

“पुस्तक ठरलं नव्हतं.”

…

बाहेर ऐन पौषात आभाळ भरून आलं होतं. अशा हवेत शाळवावर, म्हणजे हिवाळी ज्वारीवर, चिकट्याची कीड पडते, म्हणून वाटेवरचा प्रत्येक माणूस आज तोंड पाडूनच भेटला होता. गोठ्यात दुपारच्या तीनलाच दिवेलागणीसारखं वाटत होतं.

निरंजनने ढीग जवळ ओढला. तो भराभर पुस्तकं दाखवायला लागला. एवढं वाचलेला माणूस, त्याच्याकडे बोलायला कमी थोडंच होतं!

“हे बघा. नियम चोख आहेत, पण एक डाव चार तास चालतो. तेवढं त्याला बसवणार नाही. हे दुसरं तासात संपतं, पण यात फासेच नाहीत, सगळं डोक्यावर. आणि या तिसऱ्यात सगळं फाशांवर…”

“फासं नसलं तर काय बिघडलं?”

“बिघडत नाही तसं.”

“आनि असलं तर?”

“तसंही… बिघडत नाही.”

“मंग अडलंय कुटं?”

निरंजनने तिसरं पुस्तकही ढिगावर ठेवून दिलं.

उस्तादांनी कोपऱ्यातली पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात लाल आणि निळे लाकडी ठोकळे होते, रंग उडालेले. लाल त्याच्यापुढे सारले, निळे स्वतःकडे घेतले.

“मांड.”

“कोणत्या पुस्तकाप्रमाणे?”

“कंचंबी.”

निरंजनने बिनफाशांचं पुस्तक घेतलं. उस्तादांनी हाताच्या कडेने वाळूत ओढा ओढला, एक टेकाड उठवलं, ओढ्यावर पूल म्हणून काडेपेटी आडवी टाकली. दोन्ही बाजूंनी ठोकळे लागले.

तिसऱ्या चालीला निरंजनने आपलं घोडदळ उघड्या माळावरून थेट उस्तादांच्या तोफांसमोर नेलं.

उस्तादांनी तो लाल ठोकळा उचलला आणि होता तिथे परत ठेवला.

“परत.”

“नियमात बसतं, उस्ताद.”

“बसतं. परत चाल.”

निरंजनने घोडदळ मागे राहू दिलं. दोन चालींनंतर त्याने पुलावरची तुकडी काढून टेकाडाच्या मागे पाठवली. पूल मोकळा पडला.

उस्तादांनी तुकडी उचलली. पुलावर ठेवली.

“परत.”

“हे पुस्तकच बरोबर नाही,” निरंजन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “थांबा, फाशांचं घेऊ.”

फाशांचं पुस्तक निघालं. नवा डाव लागला. फासे वाळूत पडायला लागले. पडले तेही निरंजनच्या बाजूने, एकामागून एक, आणि दर फाशाला त्याचा चेहरा उतरत गेला. जिंकत चाललेल्या माणसाचं असं तोंड उस्तादांनी फौजेतल्या सगळ्या नोकरीत पाहिलं नसेल.

शेवटी त्याने आपला निशाणाचा ठोकळा, ज्याच्यावर सगळा डाव उभा असतो, तो उचलला आणि निळ्यांच्या घोळक्याशेजारी एकटाच नेऊन ठेवला.

उस्तादांचा हात पुढे आला.

निरंजनने तो हात धरला.

“चाल झाली की मागे घेता येत नाही, उस्ताद. प्रत्येक पुस्तकात आहे हे. सदतीसच्या सदतीस पुस्तकांत.”

“तुजी चाल असती तर मीबी घेतली नसती.”

…

निरंजनने त्यांचा हात सोडला.

“इतकं कळतं?”

“माज्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. तरी दिसलं.”

निरंजन मटकन खाली बसला, पुस्तकांच्या ढिगावरच. ढीग कलला, पाच-सहा पुस्तकं घरंगळत भिंतीपर्यंत गेली. एरवी पानाचा कोपरा दुमडला तरी कासावीस होणारा माणूस, त्याने ती उचलली नाहीत.

“तेवीस वर्षं मीच जिंकत आलोय,” तो म्हणाला. “दहातले आठ डाव माझे. आणि गप्प बसून जिंकलो असतो तरी चाललं असतं. मी बोलून दाखवलं. लोकांसमोर. त्याच्या बायकोसमोर. तो हसायचा नुसता…”

उस्ताद त्याच्यासमोर खाली बसले.

“मला वाटलं, हा एक डाव त्याला द्यावा. एवढाच राहिलाय तर एवढा तरी. पण बिनफाशांचं पुस्तक घेतलं तर तो ओळखणार. माझी चाल त्याला डोळे मिटून कळते. फाशांचं घेतलं तर हरलो ते फाशांवर ढकलता येईल, पण फाशांचा काय भरवसा? आज बघितलंत ना? हरायचं म्हटलं तर हरूही देत नाहीत.”

त्याने तळव्याने डोळे पुसले. हाताला वाळू होती, ती तोंडाला लागली.

“सदतीस पुस्तकं वाचली, उस्ताद. दोन रविवार घालवले. मुद्दाम हरलेलं ज्यात लपेल असं एक पुस्तक नाही सापडलं.”

“आनि अडतिसावं?”

“मागवलंय. सोमवारी यायचंय.”

हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

उस्ताद उठले. गुडघ्यावर हात देत, एकेक करत, खाली पडलेली पुस्तकं गोळा केली. मग निरंजनला उठवलं आणि त्याच्याखालचीही काढली. सगळी गव्हाणीत नेऊन रचली, जिथे एकेकाळी बैलांचा कडबा असायचा. चांगली जाडजूड पुस्तकं, रंगीत चित्रांची. गव्हाण काठोकाठ भरली.

“त्यानं काय मागितलं तुज्याकडं?”

“डाव.”

“अजून?”

निरंजनने आठवून पाहिलं. खरोखरच आठवून पाहिलं.

“आणखी काही नाही.”

उस्तादांनी गव्हाणीतलं सगळ्यात वरचं पुस्तक घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, नाव वाचता येईना तेव्हा तसंच त्याच्या हातात दिलं.

“ह्ये घिऊन जा.”

“हे कोणतं आहे ते तरी…” निरंजनने मुखपृष्ठ पाहिलं. एरवी या पुस्तकाचे दोष त्याने बोटांवर मोजून दाखवले असते. आज त्याने ते काखेत मारलं. “बाकीची?”

“ऱ्हाऊ देत हितं.”

“मग रविवारी…”

“आज बेस्तरवार. मधी शुक्रवारची सकाळ हाय, शनवारची हाय. त्या कुनासाठी ठिवल्यास?”

निरंजनने मान हलवली. त्याला एकदम घाई झाली. मघापासून बसल्या बसल्या तीन आठवडे निघून गेल्यासारखी घाई. तो उस्तादांच्या पाया पडला आणि चपला पायात सरकवून दाराकडे गेला.

दारातून मात्र त्याचा पाय निघेना.

बाहेर अजून तसंच दाटलेलं होतं. वारा नव्हता. कुठे तरी कुणी तरी शाळवातली पाखरं हाकत होतं, तेवढाच काय तो आवाज.

“उस्ताद…”

“हं.”

“समजा, मी मनापासून खेळलो. एकही चाल सोडली नाही. आणि मीच जिंकलो.” “शेवटचा डाव, आणि तोही हरला, असं होईल ना हो. हरून जाईल तो. मी त्याला हरवून…”

त्याने काखेतलं पुस्तक दुसऱ्या काखेत घेतलं.

उस्ताद वाकून वाळू सारखी करत होते. ओढा बुजला, टेकाड गेलं. त्यांनी मान वर केली नाही.

“हरला तर दुसरा डाव मागंल.”