दुसरा रिमोट

एकदा एक खेळण्यांचा व्यापारी डोंगराखालच्या मुलांच्या वसतिगृहात देणगी घेऊन आला. त्याचे नाव शैलेशशेठ. वसतिगृह चालवणाऱ्या वृद्ध गृहस्थांना सारे गुरुजी म्हणत. वासंती नावाची त्यांची शिष्या तेथेच राहून मुलांना शिकवीत असे.

शेठजींनी पिशवीतून एक काळा खोका काढला. ते व्हिडिओ गेमचे स्वस्तातले यंत्र होते, परंतु पूर्वी निरनिराळ्या यंत्रांना लागणाऱ्या जुन्या कॅसेटी त्या एकाच खोक्यात चालत. सोबत दोन रिमोट होते आणि शेठजींनी लहानपणापासून जपलेल्या काही कॅसेटी. असे खोके त्यांनी कितीतरी शाळांना आणि अनाथालयांना वाटले होते. पंचक्रोशीत त्यांचे नाव आदराने घेतले जाई.

मुले भोवती दाटीने बसली. एक कॅसेट हातात घेऊन शेठजी म्हणाले, "ही मोटारींच्या शर्यतीची. माझा धाकटा भाऊ हेमू यात फार हुशार होता. मला कधी जिंकू द्यायचा नाही."

"आता कुठे असतात ते?" गुरुजींनी विचारले.

"घरीच असतो," शेठजी म्हणाले आणि वायर जोडू लागले.

गुरुजींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "शैलेशराव, हे यंत्र मी आज घेणार नाही. आधी तुमच्या घरी जाऊ. तुम्ही हेमूबरोबर एक डाव खेळा. मग ते इथे आणू."

शेठजींचा चेहरा उतरला. "तो खेळू शकत नाही, गुरुजी. लहानपणी जिन्यावरून पडला. डोक्याला मार लागला."

"मग त्याच्याशेजारी बसून तुम्ही खेळा. तो बघेल."

मुलांचे चेहरे पाहून वासंतीला वाईट वाटले. दारी आलेले दान परत पाठवण्यात कसले शहाणपण, हे तिला उमगेना. तरी ती गुरुजींसोबत निघाली.

हेमूची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. शेठजींची पत्नी त्याला वरणभात भरवीत होती. दोन पाहुण्यांमागे नवऱ्याला पाहून तिने वाटी खाली ठेवली. "हे या खोलीत कधी येत नाहीत," ती गुरुजींना हळूच म्हणाली. "खर्चाला कधी कमी केलं नाही. डॉक्टर, औषधं, सगळं. पण येत नाहीत."

हेमूची पस्तिशी उलटून गेली होती. दाढी वाढलेली, मान एका खांद्याकडे कललेली. शेठजींनी त्याच्याकडे न पाहताच यंत्र खोलीतल्या टीव्हीला जोडले आणि मोटारींची कॅसेट खाचेत दाबली.

खेळाची धून वाजू लागली. हेमूने मान उचलली. पडद्यावर रस्ता उमटताच तो पुढे सरकला आणि बोटे मांडीवर आपटू लागला. धुनेच्या ठेक्यात ती बरोबर पडत होती. त्याच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला. त्याच्या वहिनीने तोंडावर पदर धरला. इतक्या वर्षांत तिने तो आवाज ऐकला नव्हता.

शेठजींना धीर आला. त्यांनी दुसरा रिमोट उचलला आणि हेमूपुढे धरला.

हेमूने दोन्ही हात डोक्यावर घेतले. कोपरे गच्च आवळून तो भिंतीकडे सरकत गेला, आणि भिंत लागल्यावरही पाय मागे रेटीत राहिला.

खोलीत मोटारींची धून तेवढी चालू होती. वासंतीने पुढे होऊन टीव्ही बंद केला. शेठजी मटकन खाली बसले. ते म्हणाले, "त्याचा पाय घसरला नव्हता. माझी पाळी तो देत नव्हता. मी रिमोट हिसकावला आणि त्याला ढकललं. आईला सांगितलं, पाय घसरला. त्याला काही बोलताच येईना, म्हणून तेच खरं झालं."

त्यांची पत्नी उठली, वाटी घेतली आणि नवऱ्याकडे न पाहता बाहेर गेली.

"मी आता काय करू, गुरुजी?"

"रिमोट खाली ठेवा. त्याच्या दिशेनं हात नेऊ नका. त्या दाराशी बसा."

"आणि?"

"उद्याही बसा."

"तो मला क्षमा करील?"

"ते मी सांगू शकत नाही. आणि तुम्हीही त्याच्याकडे मागू नका. त्याच्यापाशी देण्यासारखं काय उरलंय?"

परतीच्या वाटेवर वासंती रागावलेली होती. "मुलांचा खेळ गेला, आणि त्या दुबळ्या माणसाला तुम्ही पुन्हा त्या जिन्यावर उभं केलंत. हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"नव्हतं," गुरुजी म्हणाले. "जिवंत भावाबद्दल ते 'हुशार होता' म्हणाले, एवढंच मला खटकलं. वाटलं, आबाळ होत असेल. आज हेमूला जे भय वाटलं त्यातला वाटा माझ्याही पदरी आहे, तो मी नाकारत नाही." थोडे चालून गेल्यावर ते पुन्हा बोलू लागले. "ज्याचा खेळ आपण मोडला, त्याला सोडून या माणसानं साऱ्या मुलुखाला खेळ वाटले. परक्या मुलाला काही दिलं की ते हसतं, कारण आपलं मागचं त्याला माहीत नसतं. म्हणून दान सोपं जातं. ज्याला सगळं माहीत आहे, त्याच्यापुढे मात्र रिकाम्या हातांनी बसावं लागतं. तिथे काही देऊन सुटता येत नाही."

वासंतीचा राग गेला नव्हता, पण आता तो गुरुजींवर नव्हता.

थंडी सरता सरता शैलेशशेठ एकटेच वसतिगृहात आले. ते वाळले होते. हेमूच्या छातीत कफ झाला आणि त्यातच तो गेला, असे त्यांनी सांगितले. पत्नी अजून कामापुरतेच बोलत होती.

"तुम्ही बसत होतात?" गुरुजींनी विचारले.

"रोज. आधी दाराशी, मग थोडं आत. मी एकटा खेळायचो, तो बघायचा. दुसरा रिमोट मध्ये जमिनीवर पडलेला असायचा."

"त्यानं कधी घेतला?" वासंतीने विचारले.

"नाही." शेठजींनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिले. "पण शेवटी शेवटी मी खोलीत शिरलो, तर त्याचे हात डोक्याकडे जात नसत. मांडीवरच राहायचे."

वासंतीने आतून पाण्याचा तांब्या आणून शेठजींपुढे ठेवला. उशिरा का होईना, माणसाने त्या एका दारातून आत जावे.