तीन विती उंच कुंड

जंगलातले सगळे ओढे आटले, त्या वर्षीची गोष्ट. एका खडकातून तेवढं पाणी झिरपत होतं. पाच ससे, तीन कोल्हे आणि एक हत्ती यांनी वैर बाजूला ठेवून त्याखाली कुंड बांधायचं ठरवलं. काठ किती उंच ठेवायचा, हे काढायचं काम थोरल्या कोल्ह्याकडे आलं.

कोल्ह्याने धुळीत तक्ता मांडला: एका वितीचे ससे पाच, दोन वितींचे कोल्हे तीन, सोळा वितींचा हत्ती एक. "बेरीज सत्तावीस, आपण नऊ. सरासरी तीन विती," तो म्हणाला. तसा काठ बांधला.

हत्ती पोटभर प्यायला. कोल्ह्यांनी माना ताणल्या, पण जिभा कोरड्याच राहिल्या. उड्या मारमारून एक ससा भोवळ येऊन पडला.

त्याची बायको म्हणाली, "कोल्होबा, उंचीप्रमाणे रांगेत उभे राहू आणि मधल्याची उंची धरू."

मधला, म्हणजे पाचवा, ससाच निघाला. हत्तीने काठ एका वितीवर आणला. मग सगळेच प्यायले, सोंड खाली सोडून हत्तीसुद्धा.

"म्हणजे माझं गणित चुकलं?" कोल्ह्याने विचारलं.

"नाही हो," नवऱ्याच्या तोंडात पाणी घालत ती म्हणाली. "गणित बरोबर होतं. तीन विती उंचीचं आपल्यात कोणी नव्हतं, एवढंच."