राहेलबाईची मूठ

हिवरमाळच्या ख्रिस्ती वस्तीत पाहुण्या माणसाला एक गोष्ट हमखास खटकते. कुणाच्या घरी मयत झाली, की पुढच्या शनिवारी सकाळी मंडळीतल्या दोन बायका पाटी घेऊन निघतात आणि सगळ्यांत आधी त्याच घराच्या दारात जाऊन उभ्या राहतात. सांत्वनाचा शब्द काढत नाहीत. "मूठ घाला," एवढंच म्हणतात. घरातल्या माणसानं उठून मूठभर धान्य आणायचं, त्या पाटीत टाकायचं, मग पाटी शेजारच्या घरी जाते. कबरेवरची फुलं अजून पुरती वाळलेली नसतात आणि या बाया मागायला हजर. एकदा पुण्याहून आलेले एक गृहस्थ हे पाहून चांगलेच तापले. तुमच्यात माणुसकी आहे की नाही, असं तोंडावर विचारलं त्यांनी. मग त्यांना देवळाच्या ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि राहेलबाईची गोष्ट सांगितली. चहा दोनदा टाकावा लागला, कारण गोष्ट एका कपात आटपणारी नाही.

मुठीचा रिवाज तसा जुना. बाई पहाटे जात्यावर बसली, की सुपातली एक मूठ ज्वारी आधी बाजूला काढायची. ती देवाची. चुलीशेजारी त्यासाठी निराळं मडकं, त्यावर चुन्यानं काढलेला क्रूस. आठवडाभर त्यात मूठमूठ साठवायची आणि शनिवारी पाटी दारात आली की मडकं तिच्यात रिकामं करायचं. त्या धान्यावर मास्तरांचं पोट चाले, वाटसरूची सोय होई, आणि कुणाच्या घरात कणगी तळाला गेली तर त्यातूनच पायलीभर तिकडे जाई. देऊळ तेव्हा कुडाचं होतं आणि वस्तीत चौदा घरं होती, असं सांगतात. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून एकदा घोड्यावर यायचे. एरवी सगळा कारभार दानीएल मास्तरांकडे. तेच मुलांना शिकवीत, तेच उपासना चालवीत आणि कुणाला ताप आला तर काढाही तेच देत.

राहेलबाईचं घर वस्तीच्या टोकाकडे, ओढ्याच्या अंगाला होतं. नवरा सदोबा देवळाच्या भिंती लिंपायचा, आणि गीतं सुरू झाली की त्याचा आवाज इतरांच्या वर अर्धा हात असायचा. मुलगा योना सहा वर्षांचा. त्या साली तापाची साथ आली आणि अकरा दिवसांत दोघंही गेले. आधी योना, मग सदोबा. राहेलबाई तेव्हा तिशीच्या आत होती म्हणे.

वस्तीचा जीव कळवळला, यात खोटं काही नाही. चौदा घरांतली माणसं देवळात जमली, प्रार्थना झाली आणि सगळ्यांनी एकमतानं ठरवलं, की या बाईवर आता कसलंही ओझं टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः तिच्या घरी गेले. "राहेलबाई," ते म्हणाले, "तुमची मूठ मंडळीनं माफ केली आहे. आता तुम्ही द्यायचं नाही, आम्ही द्यायचं." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. जाताना त्यांनी चुलीशेजारचं ते मडकंही उचलून नेलं, उगाच तिच्या डोळ्यांपुढे नको म्हणून.

मडकं गेलं तिथे जमिनीवर एक गोल खूण तेवढी राहिली. राहेलबाई दर चार दिवसांनी घर सारवायची, पण तेवढ्या जागेवरून तिचा हात फिरत नसे.

दर शनिवारी उजाडायच्या सुमाराला मास्तर तिच्या उंबऱ्यावर पायलीभर ज्वारी ठेवून जायचे. हाक मारायचे नाहीत. घेताना बाईला संकोच वाटू नये, म्हणून पाऊलही वाजू द्यायचे नाहीत. थोड्या वेळानं पाटी घेऊन फिरणारी मार्था यायची. ती शेजारच्या दारात थांबायची, राहेलबाईच्या दारावरून मान खाली घालून पुढे जायची, पलीकडच्या दारात थांबायची. राहेलबाई दाराच्या फटीतून बघत असायची. पहिल्या शनिवारी ती सवयीनं हातात मूठ घेऊन उभी राहिली होती. पाटी पुढे गेल्यावर तिनं ती ज्वारी परत सुपात टाकली.

रोज पहाटे जात्यावर बसताना तिचा हात आपसूक सुपात जायचा, मूठ भरायचा आणि अधांतरी थांबायचा. ठेवायला जागा नव्हती.

रविवारी ती देवळात जायची, मागच्या बाजूला बसायची. बायका सरकून तिला ऐसपैस जागा द्यायच्या, इतकी, की कुणाचा खांदा तिला लागायचा नाही. पूर्वी उपासना संपली की देवळाबाहेर बायकांची भांडणं, हसणं, एकमेकींच्या सुनांच्या चहाड्या असं सगळं चालायचं. आता ती बाहेर आली की आवाज बसायचे. कुणी तिला पाटीला हात लाव म्हणेना, कुणी मूल सांभाळ म्हणेना, देऊळ सारवायची पाळीही तिच्यावर येईना. तिला वाटायला लागलं, सदोबाला आणि योनाला मातीत ठेवलं तेव्हा आपल्यालाही लोकांनी त्यांच्याबरोबरच धरलं असावं. फक्त माती टाकायची राहिली आहे.

मग ती रविवारी जाईनाशी झाली. वस्ती म्हणाली, दुःखात आहे बिचारी, एकटं राहू द्या. तिनं कोंबड्यांशी बोलायला सुरुवात केली. गीतांचे आवाज ओढ्यापर्यंत यायचे आणि त्यांत अर्धा हात वरचा आवाज नसायचा, तेव्हा ती दार लावून घ्यायची. देवावर ती रागावली नव्हती, असं सांगतात. तिला फक्त त्याच्याशी काय बोलावं ते कळेनासं झालं होतं.

सुगी येऊन गेली, तशी गोदावरीच्या पलीकडून तिच्या भावाची, खंडूची, निरोपाची माणसं आली. बहिणीनं बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून खंडूनं तिचं नाव टाकलं होतं. पण एकटी बहीण त्याला बघवेना. घर आहे, भाकर आहे, ये, असं त्यानं कळवलं. मात्र येताना ते देऊळ, ती गीतं, सगळं तिकडेच ठेवून यायचं. रविवारी गाडी जुंपून येतो, म्हणाला. राहेलबाईनं होकार दिला. प्रभूला सोडायचं तिच्या मनात नव्हतं, पण ज्या घरात कुणी हाक मारत नाही तिथे येणारा उन्हाळा काढायची ताकद तिच्यात उरली नव्हती. शनिवारी सकाळी तिनं दोन लुगडी, सदोबाचं मुंडासं आणि योनाची गोधडी एका गाठोड्यात बांधली. उंबऱ्यावरची ज्वारी आत आणून ठेवली, पण दळायला घेतली नाही.

त्याच शनिवारी मार्थाचं पोट बिघडलं. पाटी फिरवायला बाई नाही म्हटल्यावर तिची सासू ठकूआत्या निघाली. ही ठकूआत्या आठ महिने लेकीकडे बाळंतपणाला आणि मग लेकीच्या शेतावर अडकून पडली होती, परवाच परतली होती. सदोबा आणि योना गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं. पण मुठीच्या माफीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलंच असतं, याची खात्री देता येत नाही. म्हातारीचा स्वभाव वस्तीला ठाऊक होता. देवाशीसुद्धा ती प्रार्थनेत हुज्जत घालायची.

ती शेजारच्या दारातून निघाली आणि तशीच राहेलबाईच्या दारात येऊन उभी राहिली.

"राहेल, मूठ घाल गं."

राहेलबाई गाठोड्याशी बसली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या दारातून तिचं नाव घेऊन कुणी काही मागत होतं. ती दारात आली आणि पाटीकडे बघत राहिली.

"बघतीस काय? पाटी जड हाये."

"आत्या, माझी मूठ माफ केलीय."

"कुनी?"

"मंडळीनं."

"मंडळीत मी न्हाई का? मला कुनी इचारलं?" ठकूआत्यानं पाटी ओट्यावर टेकवली. "घरात दाना न्हाई व्हय?"

"हाय. पर तो मंडळीनंच दिलेला हाय. तुमचंच तुमच्या पाटीत काय घालू?"

"आन् माझ्या घरात हाये त्यो कुनाचा हाये? मी आकाशातनं पाडला का? घाल बाई, मला अजून दोन घरं करायचीत."

राहेलबाई आत गेली. पायलीतून तिनं मूठ भरली. बाहेर येऊन पाटीवर हात धरला आणि मूठ उघडेना. बोटं आवळलेलीच. ठकूआत्या पाटी धरून उभी राहिली. मग राहेलबाईच्या घशातून जो आवाज निघाला, तो नवऱ्याच्या वेळीही निघाला नव्हता आणि लेकराच्या वेळीही नाही. सदोबाचं नाव, योनाचं नाव, सगळं एकदम बाहेर आलं. हात उघडला आणि ज्वारी पाटीत पडली. तिथेच ओट्यावर बसून ती पोटभर रडली. म्हातारी शेजारी बसून राहिली, स्वतःही रडली आणि मधूनमधून आपल्या गुडघ्यांची तक्रार करत राहिली.

"उठ आता," शेवटी ती म्हणाली. "ही पाटी माझ्यानं न्हाई उचलत. तू घे डोईवर."

काही जण इथे चमत्कार सांगतात. राहेलबाईच्या घरातली ती ज्वारी पुढे कधी सरलीच नाही, वगैरे. ते खरं धरू नये. ज्वारी सरली. त्याच उन्हाळ्यात दोनदा सरली, आणि दोन्ही वेळा शेजारणींनी आणून घातली. चमत्कार म्हणायचा तर एवढाच, की राहेलबाई डोक्यावर पाटी घेऊन वस्तीच्या मधून चालत गेली आणि दारादारातून बायका बाहेर आल्या. राहिलेल्या दोन घरांत तिनं स्वतः "मूठ घाला" म्हटलं. त्या घरांतल्या बायकांनी मडकी रिकामी करताना तिच्याकडे बघितलं आणि त्यांनाही रडू आवरलं नाही.

मास्तरांच्या अंगणात पाटी उतरली तेव्हा ते घाबरेच झाले. "आत्या, हे काय केलंत? दुःखाच्या घरी मागायला गेलात?"

"मास्तर," ठकूआत्या म्हणाली, "तुमी तिला पायलीभर दिलं, आन् तिची मूठ काढून घेतली. मान्सानं द्यायचं तेवढं द्यावं, पर कुनाचा हात रिकामा करू ने."

दानीएल मास्तर मोठ्या मनाचे. दुसऱ्या दिवशी उपासनेत ते उपदेशाला उभे राहिले आणि त्यांनी उपदेश केलाच नाही. चूक माझी झाली, एवढंच चौदा घरांसमोर म्हणाले. मग घरी जाऊन क्रूस काढलेलं ते मडकं आणलं आणि भरल्या देवळात राहेलबाईच्या हातात दिलं. त्या दिवशी बायकांच्या बाजूला दाटी इतकी होती, की तिला अंग आकसून बसावं लागलं.

खंडूची गाडी बाहेर चिंचेखाली उभी होती. गीतं संपेपर्यंत तो बैलांना वैरण घालत राहिला. बहीण बाहेर आली ती हातात मडकं घेऊनच. तिनं त्याला घरी नेलं, भाकरी करून वाढली आणि सांगितलं, की दादा, मी येत नाही, शनिवारी माझ्या दारात पाटी यायची आहे. खंडूला ते कितपत कळलं, कुणास ठाऊक. गाडी रिकामीच परत गेली. पण पुढे दरसाल सुगीला तो बहिणीला ज्वारीचं पोतं पाठवायचा, आणि त्यातली पहिली मूठ कुठे जाते ते त्यानं कधी विचारलं नाही.

राहेलबाई पुढे चाळीस वर्षं जगली. तिचं एकटेपण सरलं असं कुणी सांगत नाही. ओढ्याच्या अंगाचं ते घर शेवटपर्यंत एकटीचंच होतं, आणि गीतांतल्या त्या अर्ध्या हाताच्या जागेपाशी आली की ती शेवटपर्यंत थबकायची. पण शनिवार आला की तिला कुणीतरी मागायला येणार, हे ठरलेलं होतं. त्या आशेवर आठवडा निभतो, असं ती म्हणायची. वस्तीत कुठे मयत झाली, की पुढच्या शनिवारी पाटी ती स्वतः घ्यायची आणि सगळ्यांत आधी त्या दारात जायची. ती गेल्यावर मंडळीनं तोच नेम करून टाकला.

आजही तो तसाच चालू आहे. घरोघरची दगडी जाती गेली, दळण गिरणीवर जातं, देऊळ सिमेंटचं झालं, तरी पाटी निघते. गेल्या वर्षी एस. टी. तून निवृत्त झालेल्या प्रभाकर वाघचौऱ्यांची बायको वारली. मुलं दूर, घरात ते एकटेच. शनिवारी बाया दारात गेल्या, "मूठ घाला" म्हणाल्या. संसाराच्या पस्तीस वर्षांत वाघचौरे कधी स्वयंपाकघरात शिरले नव्हते. आतून डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज येत राहिले, एकामागून एक, बराच वेळ. आत जाऊन डबा दाखवावा असं एका नव्या सुनेला वाटलं, तर दुसरीनं तिचा पदर धरून ठेवला. शेवटी वाघचौरे बाहेर आले ते मुठीत साखर घेऊन. ज्वारी सापडत नाही, म्हणाले, ही कुठे ठेवायची कुणास ठाऊक. बायांनी पाटी पुढे केली आणि ज्वारीवर ती साखर पडली. त्या निघाल्या, तसे वाघचौरे फाटकापर्यंत मागोमाग आले आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी याल ना? तोवर मी शोधून ठेवतो."