हैबतीनं राखलेला सडा

डोंगरातल्या एका गावाच्या डोक्यावर खडकाचा सपाट सडा व्हता, आनि त्या गावात हैबती नावाचा एक तिरसट गडी व्हता.

भादवा आला की सड्यावर फुलंच फुलं. तेरडा, गेंद, निळी निळी सीतेची आसवं. खडक दिसायचा न्हाई. ते बघाय शेरातनं गाड्या भरून मानसं यायची. चहा-भज्याच्या टपऱ्या चालायच्या, गाव चार घास सुखानं खायचं. पन बघायला आलेली मानसं फुलांवरच लोळाय लागली, गाड्या फुलांत घालाय लागली. मग गाव चावडीवर बसलं. सड्याला तारंचं कुंपन घालायचं, आत एकच वाट ठेवायची, आत जायला पैसं घ्यायचं आनि राखनीला हैबतीला बसवायचं, आसं ठरलं. तेच्या तोंडाला समदं गाव भ्यायचं, मग शेरातली मानसं का भेनार न्हाईत?

भ्याली. एक नवरदेव नवरीला फुलांत निजवून फोटू काढत व्हता. हैबती वरडला, "घरी गादी न्हाई व्हय रं तुझ्या?" नवरदेव असा उठला की बूट तिथंच ऱ्हायला. त्या दिसापास्नं कुनी वाट सोडली न्हाई.

गवळीवाड्यातली ठकूआत्ती पावसाळाभर आपल्या म्हशी सड्यावर चारायची. हैबतीनं त्या बी हाकलल्या. एकदा तर कोंडवाड्यात घातल्या.

ठकूआत्ती म्हनली, "माझ्या म्हशी फोटू काढत्यात व्हय रं?"

"पाय म्हंजी पाय," हैबती म्हनला. "मानसाचा आसू दे न्हाईतर म्हशीचा. आत यायचं न्हाई."

ठकूआत्तीनं काठी उचलली. म्हशी घिऊन कुंपनाच्या पल्याड, उताराच्या खडकावर गेली.

फुडल्या भादव्यात फुलं जरा इरळ आली. त्येच्या फुडच्या भादव्यात आनिक इरळ. हैबतीचं डोस्कं चालंना. पाय तर एक पडत न्हाई, मग फुलं जात्यात कुठं? तेनं वाट आनिक आरुंद केली. लोकास्नी चपला काढाय लावल्या. एका बाईच्या केसात आबोली दिसली तर तिला दारातच आडवून इचारलं, कुठनं तोडली? बाई म्हनली, घरनं माळून आलीया. तरी तेला खरं वाटंना. फुलं काय वाढंनात. वाढलं फकस्त गवात, कमरंएवढं, हिरवंगार. ते बघून हैबती मनात म्हनायचा, राखन तर चोख हाय की.

पावनं कुरकुर कराय लागलं. टपऱ्यांचा धंदा बसला. सरपंच म्हनला, "हैबती, आवंदा फुलं न्हाई दिसली तर पावनं यायचं न्हाईत. मग तुला तरी कशाला ठेवायचं?"

त्या भादव्यात एक दिस हैबती राखनीला गेला, तर समदं पावनं सड्याकडं पाठ करून कुंपनाला चिकटून हुबं. आत पैसं भरून आल्याली मानसं भायेर बघत व्हती. हैबतीनं बी बघितलं. उताराचा खडक निळा झाला व्हता, आनि त्या निळ्यात ठकूआत्तीच्या म्हशी चरत व्हत्या.

हैबती तार वलांडून धावत सुटला. "आत्ते, माझी फुलं चोरून हितं लावलीस व्हय?"

ठकूआत्ती दगडावर बसली व्हती. "खडकावर कोन फुलं लावतं रं? मला दारातल्या तुळशीला पानी घालाय सवड न्हाई."

"मग ही आली कुठनं?"

"मला काय ठावं? मी म्हशी सोडते. आनिक काय करत न्हाई."

हैबती गपकन खाली बसला. राग कुनावर काढावा कळंना. म्होरं एक म्हस चरत व्हती. तिनं गवताचा झुबका जिभंनं वढला आनि फुडं गेली. झुबक्याखालची बारकी बारकी फुलं उनात हुबी ऱ्हायली. हैबती उठला, कुंपनाच्या आत आला, हातानं गवात फाकलं. बुडाला ऊनच न्हाई. सीतेची आसवं पिवळी पडून कुजत व्हती.

तो माघारी गेला. "आत्ते, मग एवढी वर्सं मी राखलं तरी काय?"

"गवात," ठकूआत्ती म्हनली.

सांच्याला चावडीवर गाव बसलं. समद्यांचं म्हननं एकच, पावनंच फुलं खराब करत्यात, कुंपन आनिक उच करू. हैबतीला गप बसायला काय झालं व्हतं? नाव बी ऱ्हायलं आसतं, काम बी. पन तो उठला. "सडा मी मोडलाय. कुंपनानं मोडलाय. म्हशी आत घ्या."

गाव गोंधळलं. सरपंच म्हनला, "म्हशी आत, मग मानसं बी मोकळी सोडायची का?"

"मानसं वाटंवरच. मानूस गवात खातो व्हय?"

"आनि म्हशींनी फुलं तुडवली तर?"

"ते मला ठावं न्हाई. रोज बघू. चुकलं तर परत बदलू."

दुसऱ्या दिशी हैबती सवता ठकूआत्तीच्या दारात गेला आनि हात जोडलं. तेनंच तार सोडली. म्हशी आत शिरल्या. पयल्याच पावलाला एका म्हशीनं तेरडा चुरगाळला. हैबतीच्या तोंडात शिवी आली. ती तेनं गिळली, आनि खाली बसून बघत ऱ्हायला.

फुलं काय लगेच आली न्हाईत. दोन भादवं कोरडंच गेलं. तिसऱ्याला सडा निळा झाला.

तात्पर्य: दार लावलं म्हंजी राखन झाली असं न्हाई. जे राखायला बसलायसा ते जगतंय का मरतंय, ते रोज वाकून बघा. आनि आपलंच चुकलेलं दिसलं तर चारचौघांत कबूल करून सुधरा.