वाटीभर पाणी

"विष पेशीला मारतं का रे?"

अंबूबाईंनी मान वर न करताच विचारलं. त्यांच्या हातातला चमचा जमिनीवर निजलेल्या रुग्णाच्या, वेस्ताच्या, ओठांशी होता.

निशिकांतला हसू आलं. याच विषावर तो आता देशोदेशी व्याख्यानं देत होता.

"नाही, बाई. पेशी जिवंतच राहते. कॉलऱ्याचं विष आत शिरतं आणि तिचं दार उघडं अडकवून ठेवतं. मग अंगातलं पाणी आतड्यात धो धो वाहत सुटतं."

"आणि माणूस?"

"तो सुकून जातो."

"हं…"

नर्मदाकाठच्या त्या पाड्यावर कॉलरा पसरला होता. पुराने रस्ता तोडलेला. सलाईनच्या बाटल्या संपलेल्या. शाळेच्या जमिनीवर माणसं अंथरली होती आणि प्रत्येकाजवळ एक बादली. अंबूबाई एकेकाळी मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, निशिकांत त्यांचा विद्यार्थी. प्रयोगशाळा सोडून त्या इकडे आल्या, तेव्हा निशिकांतला वाटलं होतं, बाईंनी बुद्धीची माती केली.

आज तोच होडीतून आला होता, बर्फाची पेटी घेऊन.

"ते दार बंद करणारं प्रथिन मला सापडलंय, बाई. उंदरांवर चाललं. आता रुग्णांचे ताजे नमुने हवेत. एकदा हे जमलं, की कॉलऱ्याने कुणी मरणार नाही."

बाईंनी वाटी त्याच्या हातात दिली.

"साखर-मिठाचं पाणी आहे. याला पाजत राहा. उलटी झाली तर जरा थांब, पुन्हा पाज. हात थांबवू नकोस."

"मी नमुन्यांसाठी आलोय, बाई…"

पण त्या पलीकडच्या रुग्णाकडे गेल्याही होत्या.

निशिकांत बसला. वेस्ताचे गाल आत गेले होते, बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. चमचा, पुन्हा चमचा. मग उलटी. पुन्हा चमचा. वेस्ताने त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ आपणहून उघडले.

पेटीतला बर्फ वितळत असणार.

भिंतीला टेकून वेस्ताची बायको, जमनी, बसली होती. निशिकांतने वाटी तिच्या मांडीवर ठेवली, चमचा तिच्या मुठीत दिला, नवऱ्याकडे बोट दाखवलं. तिने मान हलवली, की हलवली नाही, हे पाहायला तो थांबला नाही.

बादल्यांमधून त्याने नळ्या भरल्या, बुचं घट्ट लावली, पेटीत नीट रचल्या. नमुने फार चांगले मिळाले होते. तो खुशीतच परतला.

वाटी होती तशीच भरलेली होती.

वेस्ताचे ओठ अजून उघडे होते. आत श्वास नव्हता.

"पाजलं का नाहीस?" निशिकांत ओरडला. "हातात दिलं होतं ना तुझ्या!"

जमनीचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

बाई आल्या. त्यांनी वेस्ताच्या मानेवर बोटं टेकवली. बराच वेळ टेकवलेली ठेवली. मग त्याचे डोळे मिटले.

"मी दोनच पावलांवर होतो, बाई," निशिकांत म्हणाला. "ही नुसती बसून राहिली. बघा ना… नवरा गेला, आणि डोळ्यांत टिपूस नाही. मरणाची सवयच झालेली असते या लोकांना."



बाईंनी जमनीचा हात हाती घेतला. मनगटामागची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडून दिली.

कातडी तशीच उभी राहिली.

निशिकांत त्या घडीकडे पाहत राहिला. मग त्याने जमनीच्या तोंडाकडे पाहिलं. खोल गेलेले डोळे, पांढरे पडलेले ओठ. आल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंनी तिच्या मांडीवरची वाटी उचलून त्याच्या हातात दिली.

"रडायला पाणी लागतं, निशिकांत."